सासूबाई, सूप आणि स्मिता पाटील

*"ताई, अक्कलकोट रोडला आमचा बारा जणींचा बचत गट आहे. निम्म्याजणी विड्या वळतात, दोघी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जातात, मी घरी ब्लाऊज शिवते. महिन्याची मीटिंग झाली की माझ्या खोलीत टीव्हीवर एक सिनेमा बघायचा असं आम्ही ठरवलं. ८ मार्चला महिलांचा सिनेमा म्हणून मी एक लावला. पहिल्या तासात पोरीवर अत्याचार, दुसऱ्या तासात तिनं एकेकाला मारलं. तिघी मध्येच उठून गेल्या, त्यातली एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही. सासूबाई म्हणाल्या, 'रडायचंच होतं तर माहेरची साडी काय वाईट होती?' आमचे मालक म्हणतात, असलं दाखवून गल्लीतल्या बायका बिघडवू नको. मला खंबीर बायांचे, बायकांचे प्रश्न मांडणारे चांगले सिनेमे सांगा. यादीच द्या. नववी-दहावीतल्या दोन पोरीपण बसतात."*
*— एक वाचक, सोलापूर*

ताई,

सासूबाईंचं बोलणं टोमणा म्हणून सोडून देऊ नका, त्यात तथ्य आहे. 'माहेरची साडी' १९९१चा. तो मी इथंच टॉकीजमध्ये बघितला. बायका रुमाल घेऊनच यायच्या. पण शो सुटल्यावर घरी जाताना रिक्षात काय बोलणं चालायचं माहीत आहे? अलका कुबलचं नाव दोन मिनिटांत मागं पडायचं आणि ज्याची त्याची सासू, नणंद, दीर सुरू व्हायचे. अंधारात दुसरीच्या नावानं आपलं रडून घ्यायची ती सोय होती. घरी रडलं तर "काय झालं" म्हणून विचारणारे दहा असतात.

तुमच्या मार्चच्या सिनेमानं तीही सोय ठेवली नाही. (नाव तुम्ही कळवलंय, मी छापत नाही.) त्यातल्या पोरीला ना कामधंदा, ना मैत्रीण, ना चुलीवर काही उकळतंय. तिच्यावर काय झालं आणि तिनं त्यांचं काय केलं, मधे बाई म्हणून काहीच नाही. हातात कोयता दिला की बाई खंबीर झाली असं समजणारे सिनेमे पुष्कळ निघतात. मला ते कंटाळवाणे वाटतात, आणि तुमच्या गटात एखादीला ते कंटाळवाण्याहून वाईट वाटले असतील. त्याकडे शेवटी येते.

मी सिनेमा निवडताना बघते ते एवढंच की त्यातली बाई स्वतः काय ठरवते, आणि ठरवल्यावर तिला काय भरावं लागतं ते सिनेमा खरं सांगतो का. मारामारी असो नसो. नुसती यादी देणं सोपं आहे, पण बारा जणींच्या खोलीत कुठला सिनेमा आधी लावला याला फार महत्त्व असतं. म्हणून क्रमानं सांगते.

पहिला लावा 'लापता लेडीज'. किरण राव यांचा, २०२४ साली आला. हिंदी आहे, पण बोली समजायला जड जात नाही. रेल्वेच्या डब्यात एकसारखे घुंगट घेतलेल्या दोन नवऱ्या मुली बसलेल्या, आणि नवरा रात्री घाईत दुसरीलाच घेऊन उतरतो. मागं राहिलेल्या फूलला आपल्या सासरच्या गावाचं नाव सांगता येत नाही. कुठल्या तरी फुलाचं नाव आहे, एवढंच आठवतं. इथं तुमच्या खोलीत हसू फुटेल, आणि हसता हसता एखादी म्हणेल की लग्न ठरलं तेव्हा मलाही गावाचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. हा सिनेमा हसवत हसवत आत शिरतो, म्हणून तो पहिला.

त्यात स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई आहे. छाया कदम यांनी केलीय. मार नाही, भाषण नाही, चहाच्या भांड्यापुढं उभी राहून ती त्या पोरीला कामाला लावते आणि पोरीनं केलेला कलाकंद विकला गेल्यावर तिच्या हातात तिची पहिली कमाई ठेवते. त्या पोरीचा चेहरा बघा. सिनेमा संपल्यावर गटात एवढंच विचारा की पहिल्या कमाईचं तुम्ही काय घेतलं होतं. बाकी चर्चा घडवायला जाऊ नका, ती आपोआप होते.

दुसऱ्या महिन्यात 'मिर्च मसाला'. केतन मेहता यांचा, १९८७चा. तो लोकांपुढे आला तेव्हा स्मिता पाटील हयात नव्हती, १३ डिसेंबर १९८६ला ती गेली, अवघी एकतीस वर्षांची. गोष्ट इंग्रजी अमलातल्या गुजरातेतली. वसुलीला आलेला सुभेदार गावातल्या सोनबाईवर नजर ठेवतो, ती त्याच्या थोबाडीत देते आणि पळत जाऊन मिरची कांडायच्या कारखान्यात शिरते. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ दार लावून घेतो. ओम पुरी. आता बाहेर सुभेदाराचे शिपाई आणि आत सोनबाईसकट कामाच्या बायका. शेवट सांगत नाही, तुमच्यातल्या कुणी बघितला असेल तर तिलाही सांगू देऊ नका.

हा मी दहा-बारा वर्षांपूर्वी जुन्या विडी घरकुल वसाहतीत एका मैत्रिणीच्या अंगणात दाखवला होता, उसन्या प्रोजेक्टरवर. पडद्यासाठी पांढरी चादर शोधायलाच अर्धा तास गेला. सोलापुरात चादरी घरोघर, पण सगळ्या फुलापानांच्या आणि मोरांच्या! शेवटी कुणाचं तरी धोतर बांधलं.

बायका काम घेऊनच बसल्या होत्या. दिवसाच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या तर सिनेमासाठी वेगळा वेळ कुठला? माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक मावशी होत्या, मांडीवर सूप. नजर पडद्यावर आणि हात आपले चाललेले: पान, चिमूटभर तंबाखू, वळली, दोरा गुंडाळला, टोक मुडपलं, सुपात. पान, तंबाखू, वळली. मी मधूनमधून पडद्याऐवजी त्यांचे हातच बघत होते. पडद्यावर मिरचीचा खकाणा उडाला तसा अंगणात दोघी-तिघींना ठसका लागला. खरा. कारण सुपातल्या तंबाखूचा खकाणा तर रोजचाच.

मग ती जागा आली. कारखान्यातल्या बायका सोनबाईवरच उलटतात. तुझ्या एकटीपायी आमची घरंदारं, लेकरं का धोक्यात घालायची, जा की तू त्याच्याकडे. मावशींचे हात थांबले. अर्धी वळलेली विडी बोटांत तशीच राहिली, दोरा न बांधलेली, आणि त्यातली तंबाखू हळूहळू लुगड्यावर सांडत होती. किती वेळ, सांगता येत नाही, पण तेवढ्या वेळात त्यांच्या सहज पाचसहा विड्या झाल्या असत्या.

सिनेमा संपल्यावर म्हणाल्या, "त्या बायका वाईट नाहीत की ओ, ताई. पोटापायी भितात." आणि मग सांगितलं. त्या माल द्यायला जायच्या तिथला तपासनीस चांगल्या विड्यासुद्धा मूठमूठ छाट म्हणून बाजूला काढायचा. त्या छाटाचे पैसे बाईला नाहीत आणि विड्याही परत नाहीत. एक तरणी पोर एकदा बोलली. दुसऱ्या दिवसापासून तिला विड्या वळायला पान मिळेना. "आम्ही सगळ्या खाली मुंडी घालून विड्या मोजत होतो," मावशी म्हणाल्या. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि त्यांनी ती तोवर कुणाला सांगितली नव्हती. ती पोर त्याच अंगणात दोन ओळी पुढं बसलेली होती, आता नातवंडांची आजी झालेली. तिनं मागं वळून बघितलं नाही. पण उठलीही नाही.

म्हणून मी म्हणते, सोनबाईकडे बघाच, स्मितानं ती केलीय म्हटल्यावर बघाल तशाही. पण नजर बाकीच्या बायकांवर ठेवा. आणि मुखीच्या, म्हणजे गावच्या प्रमुखाच्या बायकोवर, ती दीप्ती नवल. नवऱ्याच्या मनात नसताना ती मुलीला शाळेत घालते, आणि पुढं गावातल्या बायकांना घेऊन थाळ्या बडवत बाहेर पडते. तिच्याकडे सोनबाईसारखं तेज नाही, कारखान्याच्या दारासारखं दारही नाही. ती रोज त्याच नवऱ्याच्या घरात राहून हे करते. माझ्या मते अवघड काम तिचं आहे.

तिसरा आपल्या जिल्ह्यातला. 'सैराट' सगळ्यांनी बघितलाय, मला माहीत आहे, गाणी पाठ आहेत. तरी पुन्हा लावा आणि दुसरा भाग नीट बघा. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातले, रिंकू राजगुरू अकलूजची, तेव्हा शाळेत होती. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची पोरांनी डोक्यावर घेतली, पण मला ती खरी दिसते हैदराबादच्या झोपडपट्टीत, जिथं तिला संडासाला जाणंसुद्धा अवघड होतं. वाड्यातली पोर कारखान्यात कामाला लागते आणि तेलुगू शिकते. तुमच्या गटातल्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या बायकांना इथं मजा येईल. पडद्यावर आर्ची भांबावलेली असताना त्यांना मात्र सगळं कळत असेल. मराठी सिनेमात हे सुख त्यांना कितीदा मिळतं? आणि आर्चीला आधार देणारी डोशाच्या गाडीवरची सुमनअक्का ओळखली का? त्याच छाया कदम! आधी डोसा, मग चहा.

नववी-दहावीच्या पोरींना आर्ची आवडतेच. त्यांना एकदा विचारा, दुसऱ्या भागातली आर्ची आवडली का. माझ्या भाचीनं "नाही, ती आईसारखी झाली" असं उत्तर दिलं होतं. त्यावर आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो.

आता 'उंबरठा'. तो कुणीही तुम्हाला पहिला सांगेल, मी मुद्दाम मागं ठेवलाय. १९८२चा. जब्बार पटेल मूळचे पंढरपूरचे, सोलापुरात शिकलेले, त्यामुळं आपल्याकडे या सिनेमाबद्दल बोलताना आवाज जरा चढतोच. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवर तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. स्मिता पाटील यातली सुलभा महाजन. घरात काही कमी नाही, नवरा वकील, सासू स्वतः समाजकार्य करणारी. सुलभा लहान मुलीला जावेकडे ठेवून लांबच्या गावी महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. तिथं कमिटीशी भांडण, आतल्या बायकांचे हाल, शेवटी परत घरी. आणि घरी आता तिची जागा राहिलेली नाही.

मी तो बावीस वर्षांची असताना आईबरोबर बघितला. आई वाटेत म्हणाली, "पोर टाकून कसली आलीय समाजसेवा!" मी भर रस्त्यात तिच्याशी भांडले, सात रस्ता चौकापर्यंत आम्ही वेगवेगळ्या बाजूंनी चालत होतो. आज पासष्टीला मला त्या छोट्या मुलीचा विचार जास्त येतो. तरी सुलभानं जावं असंच वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, आणि हा सिनेमा त्यातलं एकही खोटं पाडत नाही. तुमच्या गटात यावर भांडण होणार, अगदी आवाज चढून होणार. 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' गुणगुणणाऱ्यासुद्धा म्हणतील, बाई चुकलीच. म्हणून म्हटलं, गटाला एकमेकींशी भांडून परत चहाला बसायची सवय झाली की मगच, पाचव्या-सहाव्या महिन्यात.

बाकीचे पटकन सांगते. 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) कधीही लावा, सासूबाई, पोरी, सगळ्यांना चालतो. त्यातली लाडू विकणारी शशी श्रीदेवीनं केलीय, आणि पूर्व भागात श्रीदेवी घरचीच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दोघी' (१९९५) फार चांगला, पण जड. लग्नाच्या दिवशीच नवरदेव जातो, मुलीवर अपशकुनी म्हणून शिक्का बसतो, तिला मुंबईला धाडतात, आणि तिच्या कमाईवर घर चालतं. मग धाकटीच्या लग्नात तिलाच दडवून ठेवायची धडपड. पोरींना दाखवायचा असेल तर मुंबईत तिला काय करावं लागलं ते आधी तुम्ही शांतपणे सांगा, अर्धवट कळण्यापेक्षा बरं. 'आनंदी गोपाळ' (२०१९) शाळेतल्या पोरींना आवडतो. मला त्यातला नवराच जास्त भरून राहिलाय असं वाटतं, पण आनंदीबाई १८८६ला डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बाविसावं पुरं व्हायच्या आत गेल्या, हे पोरींना कळायलाच हवं. 'बाईपण भारी देवा' तुम्ही २०२३ला नऊवारी नेसून, टेम्पो करून बघून आला असाल. पुन्हा नको.

एक जुना मात्र माझ्या हट्टापायी. 'कुंकू', १९३७चा, व्ही. शांताराम यांचा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लावलेलं लग्न शांता आपटेंची नीरा मानतच नाही. रडत बसत नाही, विहीर जवळ करत नाही, नुसतं मानत नाही. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी! त्यात पार्श्वसंगीत नाही, घड्याळाचे ठोके आणि घरातले आवाज ऐकू येतात, त्यामुळं पंखा बंद करून बघावा लागेल. उन्हाळ्यात लावू नका.

तुमच्या मालकांचं काय करायचं? त्यांना 'सैराट'ला बोलवा. पुढं बसवू नका, दाराशी खुर्ची द्या. बायका बिघडतात म्हणजे नक्की काय होतं हे मी आजवर पुष्कळांना विचारलं, नीट उत्तर आलं नाही. पण वाद घालण्यापेक्षा बसवलेलं बरं. आणि 'उंबरठ्या'ला बोलवू नका, त्या दिवशी बायकांना मोकळं बोलायचं असेल.

वेळेचं सांगते. पाण्याची पाळी असेल तो दिवस अजिबात नको, नळाला पाणी आलं म्हणून पाऊण खोली उठून जाते आणि सिनेमाचा विचका होतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली दुपारी बसवणं म्हणजे शिक्षा, रात्री आठनंतर ठेवा. मध्यंतर करायचंच, चहासाठी नव्हे, कुणाला न सांगता निघून जायचं असेल तर तिला ते मध्यंतरात सोपं जातं. आणि सासूबाईंना एक महिना द्या. त्या 'साडी'च निवडतील. आनंदानं लावा, सगळ्याजणी रडा, आणि मग त्यांनाच विचारा की यात सुनेला छळणाऱ्या बायका होत्या त्यांच्यावर आधी कुणी काय केलं असेल. सासूबाईही कधीतरी सून होत्या. उत्तर त्यांच्याकडेच असेल.

राहिल्या त्या तिघी.

मार्चच्या सिनेमात त्या का उठल्या ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि कुणीही त्यांना विचारू नये. कंटाळून उठल्या असतील, घरी दूध उतू जात असेल. किंवा पडद्यावर जे चाललं होतं ते एखादीनं आधी कुठंतरी बघितलेलं असेल. जी तुमच्याशी नीट बोलत नाही तिच्याकडे पुढच्या सिनेमाच्या आधी जा. "त्या दिवशी आधी सांगायला हवं होतं, माझं चुकलं" एवढं म्हणा. पुढच्या सिनेमात काय आहे ते थोडक्यात सांगा, मारहाण असेल तर आहे म्हणून सांगा. यायचं तर ये, नाही तर नको, वर्गणी आणि मीटिंग जशीच्या तशी. प्रत्येक सिनेमाआधी सगळ्यांनाच असं सांगायची पद्धत पाडलीत तर तिला वेगळं काढल्यासारखं वाटणार नाही.

ती बोललीच, आणि घरातल्या मारहाणीचं काही निघालं, तर त्याच दिवशी तोडगा काढायला जाऊ नका आणि गटात तर बिलकूल बोलू नका. नीट ऐकून घ्या. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला पाठ करायला सांगा, कारण मोबाइल दुसऱ्याच्या हातात असू शकतो. जिवावर बेतलं तर ११२. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात, आणि त्या कायद्यानं राहत्या घरातून बाईला असं बाहेर काढता येत नाही, हेही तिच्या कानावर घाला. तिला जायचं असेल तेव्हा बरोबर जा.

नसेल बोलायचं तर चहा पिऊन परत या.